आस मालकाचा, धूर सर्वांचा : अमेरिकी पिकअप ट्रक आणि घरच्या गॅरेजातील शंभर वर्षे

१/
१९७८ साली डॉज कंपनीने 'लिल रेड एक्सप्रेस' या नावाचा एक लाल पिकअप ट्रक बाजारात आणला. केबिनच्या मागे दोन्ही बाजूंना क्रोमचा मुलामा दिलेली दोन उभी धुरांडी होती. लांब पल्ल्याच्या मालवाहू ट्रकांना असतात तशी. पुढे ३६० घनइंचांचे व्ही-८ इंजिन. 'कार अँड ड्रायव्हर' या नियतकालिकाच्या चाचणीत या ट्रकने शून्यापासून ताशी १०० मैलांचा वेग गाठताना त्या वेळच्या अमेरिकी स्पोर्ट्स मोटारींनाही मागे टाकले. शेतात गवताच्या पेंढ्या वाहण्यासाठी जन्मलेले वाहन सर्वांत वेगवान कसे ठरले?

२/
याचे उत्तर इंजिनापेक्षा कायद्यात अधिक होते. मालासह कमाल वजनाची मर्यादा ६,००० पौंडांच्या वर असलेल्या ट्रकला त्या वर्षी धूर शुद्ध करणारे कॅटलिटिक कन्व्हर्टर बसवण्याची सक्ती नव्हती. मोटारींना ती होती. मोटारींचा श्वास कोंडला गेला आणि ट्रकचा मोकळा राहिला.
आपला पिकअप आपल्याच हातांनी सुधारणाऱ्या अमेरिकी माणसाचा इतिहास या एका उदाहरणात सामावलेला आहे. तो माणूस गाडीखाली शिरला की प्रामुख्याने दोन ठिकाणी हात घालत आला आहे : इंजिनाचा धूर बाहेर नेणारी नळी, म्हणजे एक्झॉस्ट, आणि मागच्या चाकांना शक्ती वाटून देणारे डिफरन्शियल. काम दोन्हीकडे सारखेच : तेच पान्हे, तेच काळे हात. तरीही एका भागाच्या मागे कायदा शंभर वर्षे लागला आणि दुसऱ्याकडे त्याने फारसे वळूनही पाहिले नाही. असे का झाले, ते समजण्यासाठी दोन्ही भागांच्या जन्मापर्यंत जावे लागते.

३/
आधी डिफरन्शियल. गाडी वळण घेते तेव्हा बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्याला जखडली, तर एकाला घसरावेच लागते. टायर झिजतो आणि गाडी वळायला कुरकुरते. १८२८ साली ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी यावर दातेरी चक्रांचा उपाय काढला. आस मधोमध तोडायचा, दोन्ही अर्ध्या आसांच्या टोकांना दातेरी चक्रे बसवायची आणि त्यांच्या मध्ये लहान चक्रे अशी ठेवायची की एक चाक मंदावले तर दुसरे तितकेच जलद फिरेल. पेट्रोलवर चालणारी मोटार जन्मण्याच्या अर्धे शतक आधी तिचा मागचा आस असा तयार होता.

४/
या योजनेत एक दोष जन्मजात आहे. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच पीळ देते. एक चाक कोरड्या मातीवर आणि दुसरे चिखलात असेल, तर चिखलातल्या चाकाला फिरायला जेवढा क्षुल्लक पीळ लागतो, तेवढाच कोरड्या चाकालाही मिळतो. परिणामी एक चाक गरगर फिरते, दुसरे जागेवर थांबते आणि भक्कम इंजिनाची गाडी एका ओल्या बांधावर अडकून बसते. डांबरी रस्त्यावर हा दोष क्वचितच जाणवतो. शेतावर मात्र तो प्रत्येक पावसात भेटतो, आणि पिकअप ट्रक जन्मला तो शेतासाठीच.

५/
१९०८ साली फोर्डचे 'मॉडेल टी' आले. १९२७ पर्यंत या गाडीचे दीड कोटीहून अधिक नग तयार झाले. ग्रामीण अमेरिकेत सर्वांत जवळचा कारखाना अनेकदा दिवसभराच्या वाटेवर असे. त्यामुळे गाडी घेणाऱ्याला ती उघडता येणे ही हौस नव्हे, गरज होती. शेतकऱ्यांनी मागची बैठक काढून तिथे लाकडी पेट्या ठोकल्या आणि मोटारीचे मालवाहू वाहन केले. कंपनीने हे पाहिले. एप्रिल १९२५ मध्ये फोर्डने पिकअपचा मागचा हौदा कारखान्यातूनच बसवलेले मॉडेल टी २८१ डॉलरला विकायला काढले. अमेरिकी पिकअप अशा रीतीने घरगुती फेरफाराचा वारस आहे. आधी मालकाने गाडी बदलली, मग कंपनीने ती तशी बनवली.

६/
आसाच्या सुधारणेचा पहिला मोठा अध्यायही मॉडेल टीचाच. या गाडीला पुढे जाण्यासाठी दोनच गिअर होते. भरलेला ट्रक चढावर घालायचा तर एक गिअर फार उंच पडे आणि दुसरा फार संथ. यावर 'रक्स्टेल' नावाचा दोन वेगांचा मागचा आस बाजारात आला. मूळ आसाच्या आतच जास्तीची दातेरी योजना बसवलेली असे आणि एका दांड्याने ती जोडता-सोडता येई. फोर्डने त्याला मान्यता दिली होती व तो फोर्डच्या विक्रेत्यांकडेच मिळत असे.
धोकाही होता. मॉडेल टीचा पायाचा ब्रेक चाकांवर नव्हे, गिअरपेटीत लागे. मागच्या आसाची जोडणी मधल्या मोकळ्या स्थितीत अडकली, तर ब्रेक आणि चाके यांचा संबंधच तुटे. उतारावर हे घडले म्हणजे चूक नीट न बसवणाऱ्याची आणि शिक्षाही प्रामुख्याने त्यालाच.

७/
आता धूर. इंजिनाच्या प्रत्येक स्फोटानंतर तापलेला वायू दाबाने बाहेर फेकला जातो. तो थेट सोडला तर तोफेसारखा आवाज होतो. म्हणून वाटेत सायलेन्सर असतो. त्याच्या आतले पडदे आणि कप्पे आवाज मारतात, पण त्याबरोबर वायूची वाटही अडवतात. सुरुवातीच्या काळातील चालकांनी यावर सरळ उपाय केला : सायलेन्सरच्या आधी नळीला एक झडप बसवायची आणि चढ आला की ती उघडायची. अमेरिकेत तिला 'कटआउट' म्हणत. चढावर इंजिन मोकळे होई. गावात मात्र घोडे बुजत आणि झोपमोड होई. अनेक शहरांनी अशा झडपा उघडण्यास बंदी घातली. धुराच्या नळीवरचा अमेरिकेतला पहिला झगडा असा प्रदूषणाचा नव्हे, आवाजाचा होता. पण तत्त्व तेव्हाच ठरले. गाडी मालकाची असली, तरी तिच्या शेपटीतून जे बाहेर पडते ते गल्लीतल्या सर्वांपर्यंत पोहोचते.

८/
१९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडणारे व्ही-८ इंजिन दिले : २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. पिकअपमध्येही ते येऊ लागले. पण या इंजिनाची रचना धुराच्या दृष्टीने विचित्र होती. एका बाजूला चार सिलिंडर आणि धूर बाहेर पडायच्या वाटा मात्र तीन. मधल्या दोन सिलिंडरांना एकच सामाईक वाट. शिवाय या वाटा इंजिनाच्या धडातूनच जात, त्यामुळे थंड ठेवायचे पाणी तापे. स्वस्त, ताकदवान आणि उघडपणे सुधारणेला वाव असलेले यंत्र तरुणांच्या हाती पडले. पुढे जे घडले ते अटळ होते.

९/
दक्षिण कॅलिफोर्नियात म्युरॉक नावाचे एक कोरडे सरोवर आहे : मैलोन्‌मैल सपाट, टणक जमीन. तिथे तरुण आपापल्या गाड्या घेऊन वेग मोजायला जमत. १९३७ साली अशा मंडळांनी एकत्र येऊन 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' स्थापन केली. घड्याळ, नियम आणि वर्गवारी आली. यामुळे घरगुती सुधारणेचे स्वरूप बदलले. नवी नळी बसवल्यावर गाडी 'जोरात वाटते' एवढ्याने भागेना. ताशी किती मैल वाढले ते कागदावर दिसू लागले. बढाईच्या जागी मोजमाप आले, आणि हौशी माणूस अर्धा अभियंता झाला.

१०/
दुसऱ्या महायुद्धाने या अर्ध्या अभियंत्यांची फौज उभी केली. रणगाडे, विमाने आणि लष्करी ट्रक दुरुस्त करायला शिकलेले तरुण घरी परतले. हातात कसब होते आणि जुन्या गाड्या स्वस्त होत्या. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन यांनी 'हॉट रॉड' मासिकाचा पहिला अंक काढला. शिकागोच्या 'जे. सी. व्हिटनी'सारख्या कंपन्यांची जाडजूड सूचिपत्रे टपालाने घरोघर जात. त्यातून आयोवातला शेतकरी आणि लॉस एंजेलिसचा विद्यार्थी एकाच पानावरून एकच सायलेन्सर मागवू शकत होते. त्यात 'ग्लासपॅक' विशेष लोकप्रिय झाला : आत सरळ छिद्रांची नळी आणि तिच्याभोवती काचतंतूंचे वेष्टन. वायूला वाट सरळ, आवाज थोडासाच दबलेला. त्याची घोगरी गुरगुर ही त्या पिढीची खूण बनली.

११/
याच सुमारास 'हेडर' हा शब्द गॅरेजात रुळला. कारखान्यातून येणारा ओतीव लोखंडी मॅनिफोल्ड सगळ्या सिलिंडरांचा धूर एका आखूड पेटीत कोंबतो. एका सिलिंडरचा दाब दुसऱ्याच्या वाटेत आडवा येतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र, साधारण सारख्या लांबीची नळी असते आणि त्या पुढे जाऊन एकत्र मिळतात. एका नळीतून वेगाने गेलेला वायू मागे क्षणभर पोकळी सोडतो. ती पोकळी पुढच्या सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेते. म्हणूनच नळी नुसती रुंद करून भागत नाही. अति रुंद नळीत वायूचा वेग मंदावतो, ही ओढ नाहीशी होते आणि कमी वेगावर ओझे खेचायची ताकद उलट घटते. ट्रकवाल्याला नेमकी तीच ताकद हवी असते. हे गणित अनेकांना पैसे घालवून कळले.

१२/
शक्ती वाढली तसा आसाचा जुना दोष पुन्हा पुढे आला. युरोपात तो आधी भोवला होता. ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांत ताकद इतकी होती की एक चाक जागेवरच फिरत राही. फर्डिनांड पोर्शे यांच्या सांगण्यावरून १९३५ साली जर्मनीच्या झेडएफ कंपनीने घसरण मर्यादित करणारे डिफरन्शियल तयार केले. अमेरिकेत पॅकार्डने १९५६ साली आणि शेवरोलेने १९५७ साली 'पॉझिट्रॅक्शन' या नावाने तशी योजना ग्राहकांना दिली. यात डिफरन्शियलच्या आत क्लचच्या चकत्या असतात. त्या दोन्ही बाजूंना परस्परांशी घर्षणाने बांधून ठेवतात, त्यामुळे एक चाक सुटून गरगरू लागले तरी दुसऱ्याला काही पीळ मिळत राहतो. याहून कडक प्रकार म्हणजे 'लॉकर'. तो गरज पडताच दोन्ही चाके जणू एकाच दांड्याची करून टाकतो.

१३/
मग १९५७ साली फोर्डचा नऊ इंची आस आला. हे नाव त्यातील क्राउन व्हीलच्या व्यासावरून पडले. तो मोटारींत आणि पिकअपमध्ये १९८६ पर्यंत बसत राहिला. घरच्या गॅरेजात तो पूजनीय ठरला, याचे कारण साधे होते. बहुतेक आसांत क्राउन व्हील आणि पिनियन आसाच्या कवचातच जुळवावे लागतात. म्हणजे गाडीखाली पाठीवर पडून. नऊ इंचीत मात्र सगळी दातेरी योजना एका पेटीसह पुढून बाहेर निघते. ती टेबलावर ठेवायची, चांगल्या उजेडात जुळवायची आणि परत बसवायची. यंत्राची रचना करताना घेतलेल्या एका निर्णयाने लाखो हौशी माणसांना असे काम करता आले, जे एरवी कसबी कारागिराचे होते.

१४/
तरीही ते सोपे नव्हते. क्राउन आणि पिनियनच्या दात्यांमधला 'प्ले' इंचाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो. बहुतेक आसांत तो साधारण ६ ते १२ हजारांश असतो. दात्यांना रंगीत लेप लावून चक्र फिरवायचे आणि ठसा कुठे उमटतो ते पाहायचे : दात्याच्या मध्यावर हवा. ठसा खोल गेला किंवा कडेला सरकला, तर पातळ शिम बदलायचे, पुन्हा जोडायचे, पुन्हा फिरवायचे. घाई करणाऱ्याला रस्त्यावर आधी शीळ ऐकू येते, नंतर गुरगुर आणि शेवटी दाते तुटल्याचा आवाज.
गुणोत्तराचेही तसेच. ३१ इंची टायरच्या जागी ३५ इंची टायर घातला, तर ३.५५ गुणोत्तराचा आस व्यवहारात सुमारे ३.१४ सारखा वागतो. ट्रक मंद होतो. म्हणून मोठ्या टायरबरोबर ४.१० ची जोडी घालावी लागते. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत ती पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही आसांत घालावी लागते, नाहीतर पुढची व मागची चाके परस्परांशी झगडून गाडी मोडतात.

१५/
इथवर कायदा जवळपास अदृश्य होता. तो आला लॉस एंजेलिसच्या आकाशातून. जुलै १९४३ मध्ये शहरावर डोळे झोंबवणारे धुके उतरले; युद्धकाळ असल्याने शत्रूने विषारी वायू सोडल्याची अफवाही उठली. १९५०च्या दशकाच्या आरंभी कॅलटेकमधील डच वंशाचे जीवरसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-श्मिट यांनी कारण शोधले. न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुके तयार होते. याआधी ते अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते. त्यांच्या निष्कर्षाचा अर्थ स्पष्ट होता : शहराचा शत्रू बाहेरून आलेला नव्हता, तो प्रत्येक घराच्या गॅरेजात उभा होता. ज्या प्रदेशाने हॉट रॉड जन्माला घातला, त्याच प्रदेशाने धुराचे नियमन जन्माला घातले, हा योगायोग नव्हे.

१६/
३१ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 'क्लीन एअर ॲक्ट'वर सही केली. मोटारींच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन ९० टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य त्यात होते. १९७५च्या मॉडेलांपासून कॅटलिटिक कन्व्हर्टर सर्रास आले : प्लॅटिनम व पॅलॅडियमचा लेप असलेली जाळीदार पेटी, जिच्यातून जाताना विषारी वायू जळून सौम्य होतात. शिसे मिसळलेल्या पेट्रोलने ती पेटी निकामी होत असे, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आले. ते महाग होते. काही मालकांनी पेटीच काढून तिथे साधी नळी बसवली आणि टाकीचे अरुंद केलेले तोंड रुंद करून जुने, स्वस्त पेट्रोल भरले. घरच्या कसबाचा हा पहिला असा वापर होता, ज्याची किंमत शेजारी श्वासातून मोजत होता.

१७/
कंपन्याही मागे नव्हत्या. ६,००० पौंडांची मर्यादा लक्षात घेऊन फोर्डने १९७५ साली एक जरा जड पिकअप काढला, ज्याची वजनमर्यादा त्या रेषेच्या किंचित वर होती. कन्व्हर्टर नको, शिसेविरहित पेट्रोल नको. त्याचे नाव एफ-१५०. अमेरिकेत पुढे घराघरांत पोहोचलेल्या या ट्रकच्या जन्मामागे धुराच्या नियमातील ही पळवाट आहे. तीन वर्षांनी आलेल्या डॉजच्या लाल ट्रकनेही हीच वाट धरली होती.

१८/
आणखी एक फट मालकांसाठी होती. १९७०च्या कायद्याने धुराची उपकरणे काढण्यास मनाई केली ती निर्मात्यांना आणि विक्रेत्यांना. १९७७च्या दुरुस्तीने गॅरेजचालकही तिच्या कक्षेत आले. स्वतःच्या गाडीचा कन्व्हर्टर स्वतःच्या अंगणात काढणारा माणूस मात्र संघराज्याच्या कायद्याबाहेर राहिला, तो थेट १९९० पर्यंत. त्या वर्षीच्या दुरुस्तीने मनाई 'कोणत्याही व्यक्ती'ला लागू झाली आणि असे भाग विकण्यावरही बंदी आली. वीस वर्षांत कायदा कारखान्यातून विक्रेत्याकडे, तिथून गॅरेजात आणि शेवटी घराच्या अंगणात उतरला.

१९/
याच दशकात मालकाच्या बाजूने उभा राहणारा कायदाही झाला. १९७५चा 'मॅग्नसन-मॉस' कायदा सांगतो की ग्राहकाने आमच्याच छापाचा सुटा भाग वापरला पाहिजे, अशी अट कंपनी हमीपत्राला घालू शकत नाही. बाहेरून आणलेला सायलेन्सर किंवा लॉकर बसवला म्हणून संपूर्ण हमी रद्द होत नाही. बिघाड त्या भागामुळेच झाला असेल, तर तेवढ्यापुरती ती नाकारता येते. स्वतः काम करणाऱ्याला हे मोठे संरक्षण होते. एका कायद्याने मालकाचा हक्क लिहून दिला, दुसऱ्याने त्या हक्काची सीमा.

२०/
त्या सीमेवरच आजचा सर्वांत परिचित सुटा भाग जन्मला : 'कॅट-बॅक' एक्झॉस्ट. कन्व्हर्टरला हात न लावता त्याच्या मागची नळी, सायलेन्सर आणि शेवटचे टोक एवढेच बदलायचे. हे नावच कायद्याने घडवले आहे. कन्व्हर्टर नसता, तर 'त्याच्या मागे' असे काही नसतेच. कन्व्हर्टरच्या पुढच्या भागांसाठी, म्हणजे हेडर वगैरेंसाठी, कॅलिफोर्नियाने परवान्याची पद्धत आणली : चाचणीत धूर वाढत नाही असे सिद्ध केले, तर त्या भागाला अधिकृत क्रमांक मिळतो. १९६३ साली वेगवर्धक भाग बनवणाऱ्यांनी स्थापन केलेल्या 'सेमा' या संघटनेचे बरेचसे काम पुढे अशा नियमांशी जुळवून घेण्याचेच होत गेले. मर्यादा आल्या, पण धंदा मेला नाही. तो अधिक काटेकोर झाला.

२१/
याच काळात आसाचे काय झाले? जवळपास काहीच नाही, आणि हेच लक्षात घेण्यासारखे आहे. १९७३ साली ईटन कंपनीचा आपोआप जखडणारा लॉकर जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये येऊ लागला. एक चाक दुसऱ्यापेक्षा बरेच जलद फिरू लागले की आतले वजन बाहेर फेकले जाते, खटका बसतो आणि दोन्ही चाके एक होतात. वेग वाढला की तो खटका बसत नाही. हौशी मंडळींनी अवाढव्य टायर घालून काही लॉकर फोडले आणि त्याला 'बॉम्ब' असे टोपणनाव दिले. फुटला तो ज्याचा त्याचा. कोणत्याही शहराने त्यासाठी सभा बोलावली नाही.
त्याच कंपनीचे यांत्रिक लॉकिंग डिफरन्शियल २०२० साली नाशिकमध्ये तयार होणाऱ्या महिंद्र थारमध्येही आले. मिशिगनच्या ट्रकांसाठी सोडवलेला चिखलाचा प्रश्न सह्याद्रीच्या घाटवाटांवर तितकाच खरा आहे.

२२/
१९९६ पासून अमेरिकेतील नव्या गाड्यांत संगणकी निदानयंत्रणा सक्तीची झाली. कन्व्हर्टरच्या आधी आणि नंतर प्राणवायू मोजणारे सेन्सर आले. कन्व्हर्टर निकामी झाला किंवा काढला तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. धुराच्या नळीला जणू साक्षीदार मिळाला. मग पान्ह्याच्या जोडीला लॅपटॉप आला. साक्षीदाराला गप्प बसवणारी सॉफ्टवेअरे विकली जाऊ लागली, विशेषतः डिझेल पिकअपसाठी. काहींनी मुद्दाम इंधन जास्त सोडून काळ्याकुट्ट धुराचे लोट उडवण्याचा प्रकार सुरू केला. रस्त्यावरच्या सायकलस्वारांवरही तो सोडला गेला.

२३/
२०२० साली अमेरिकी पर्यावरण संस्थेने एक अंदाज प्रसिद्ध केला : मागील सुमारे दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधून धूर-नियंत्रणाची उपकरणे काढण्यात आली होती, आणि या ट्रकांच्या आयुष्यभरात त्यामुळे ५ लाख ७० हजार टन जास्तीची नायट्रोजन ऑक्साइडे हवेत जातील. हागेन-श्मिट यांनी ज्या वायूकडे बोट दाखवले होते, तोच हा वायू. यातला प्रत्येक ट्रकमालक कदाचित असेच म्हणाला असेल की गाडी माझी, पैसे माझे, हात माझे. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. हवा तेवढी त्याची नव्हती.

२४/
म्हणून या शतकाचा अर्थ 'कायद्याने हौशी माणसाचा गळा दाबला' असा सरळ लावता येत नाही. हौशी माणसानेच पिकअपला जन्म दिला, कंपन्यांना आस सुधारायला शिकवले, मोजमापाची शिस्त आणली. त्याच्या हातून झालेल्या बहुतेक चुकांची किंमत त्यानेच चुकवली : तुटलेले दाते, जळलेले क्लच, मंदावलेले इंजिन. ज्या चुकांची किंमत दुसऱ्याने चुकवली, मुख्यतः तिथेच कायदा आला.

२५/
शेवटी पुन्हा तो लाल ट्रक. १९७९ साली नियम बदलले आणि लिल रेड एक्सप्रेसलाही कन्व्हर्टर बसवावे लागले, शिसेविरहित पेट्रोल घ्यावे लागले. वेग उतरला. क्रोमची दोन उभी धुरांडी मात्र जागेवरच राहिली आणि मागच्या आसाचे ३.५५ हे गुणोत्तरही. पहिल्या वर्षी हा ट्रक २,१८८ लोकांनी घेतला होता. कन्व्हर्टर आल्यानंतरच्या वर्षी तो ५,११८ लोकांनी घेतला.